पोटरीतली कळ वर सरकते तेव्हा

इचलकरंजीत माझी मोठी बहीण ब्लाउज शिवते. दिवाळीच्या घाईत तिच्या डाव्या पायात कळ सुरू झाली. कुल्ल्यातून मांडीच्या मागनं पोटरीत, तिथून थेट करंगळीपर्यंत. शिंक आली तरी पायातून वीज गेल्यासारखं व्हायचं. एमआरआयमध्ये दिसलं, की कंबरेच्या शेवटच्या मणक्याखालची चकती मागे सरकून नस दाबते आहे. दुखण्याच्या गोळ्या ताईच्या पोटाला झेपत नव्हत्या. ऑपरेशनचं नाव काढलं की ती गप्प व्हायची. शेजारणी सांगत होत्या, महिनाभर अंथरुणातून उठूच नकोस.

हा शेवटचा सल्ला आपल्याकडे फार प्रेमानं दिला जातो, म्हणूनच तो खोडायला हवा. सायटिकाच्या, म्हणजे नस दाबून अशी पायात कळ उतरणाऱ्या, रुग्णांवर नेदरलँड्समध्ये झालेला एक अभ्यास 1999 साली प्रसिद्ध झाला. दोन आठवडे झोपून राहिलेल्यांना जमेल तसं हिंडणाऱ्या-फिरणाऱ्यांपेक्षा जास्त फायदा झालेला नव्हता.

म्हणून ताईला फिजिओथेरपिस्टकडे नेलं. तिथल्या मॅडमनी तिला आधी एका पायाच्या चवड्यावर उभं केलं. डावी टाच जेमतेम उचलली जात होती. मग तिला पुढं-मागं वाकायला लावलं आणि दर वेळी एकच प्रश्न विचारला, ‘‘आता कुठं दुखतंय?’’ पुढं वाकलं की पोटरी पेटायची. मागं वाकलं की कंबर दुखायची, पण पोटरी जरा सैल पडायची.

मग पालथं झोपायचं, कोपरांवर रेलायचं आणि जमेल तसं तळहात टेकून छाती उचलायची, कंबर मात्र सैल सोडायची. भुजंगासनाच्या जवळपास जाणारा हा प्रकार, फक्त वर उचलायचं काम पाठीनं नाही, हातांनी करायचं. दहा-बारा वेळा झाल्यावर ताई घाबरून म्हणाली, ‘‘मॅडम, कंबर जास्तच दुखायला लागली.’’

‘‘दुखू दे ताई. पोटरी सुटली का, ते सांगा.’’

पोटरी सुटली होती. कळ मांडीपर्यंत वर आली होती.

सगळी गोम इथेच आहे, आणि हे रुग्णाला कुणी नीट सांगत नाही याची मला खंत वाटते. पायातलं दुखणं कंबरेकडे सरकणं हे चांगलं लक्षण, मग कंबर थोडी जास्त दुखली तरी चालेल. उलट कळ खाली पावलाकडे उतरू लागली, तर तो व्यायाम तिथंच थांबवायचा. न्यूझीलंडचे फिजिओथेरपिस्ट रॉबिन मॅकेंझी यांच्या हे 1956 साली योगायोगानं लक्षात आलं. पाय दुखणारा त्यांचा एक रुग्ण, डोक्याकडची बाजू उचललेल्या टेबलावर पालथा पडून राहिला होता. मॅकेंझी परत आले तेव्हा त्याच्या पायाची कळ गेलेली होती. मात्र हा व्यायाम सगळ्यांना लागू पडत नाही. काहींचं दुखणं मागं वाकल्यानं वाढतं, म्हणून आधी तपासणी हवीच.

ताईचा दिनक्रम बदलला. दर दोन तासांनी शिलाई थांबवून तेवढा व्यायाम. कापड बेतायचं ते उभ्यानं, उंच टेबलावर. खुर्चीत कंबरेमागे टॉवेलची गुंडाळी. रात्रीत चकती पाणी शोषून फुगते, त्यामुळे सकाळी उठल्या उठल्या वाकून झाडणं बंद. ते काम भाच्याकडे आलं.

सरकलेली चकती व्यायामानं जागेवर बसते, असं मी म्हणणार नाही. बऱ्याच जणांत बाहेर आलेला भाग शरीर स्वतःच हळूहळू शोषून घेतं. 2007 साली नेदरलँड्समध्येच 283 रुग्णांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला: एका गटाचं लवकर ऑपरेशन, दुसरा गट आधी थांबलेला. लवकर ऑपरेशन झालेल्यांना आराम लवकर पडला, पण वर्षअखेरीस दोन्ही गटांत बरे झालेले सुमारे 95 टक्केच होते. थांबलेल्यांपैकी 39 टक्क्यांना मात्र पुढे ऑपरेशन करावं लागलं.

ताईला लागलं नाही. करंगळी अजून थोडी बधिर आहे, पण ती पुन्हा पूर्ण वेळ मशीनवर बसते.

परवा गल्लीतल्या एक वहिनी तिच्याकडे ‘तो व्यायाम’ शिकायला आल्या. ताईनं आधी विचारलं, ‘‘वहिनी, पंजा वर उचलतो का? लघवी अडते का? बसायच्या जागेला बधिरपणा?’’ वहिनींचा पंजा उचलत नव्हता. ताईनं चटई उघडलीच नाही. मशीन बंद केली, रिक्षा बोलावली आणि त्यांना घेऊन त्याच दुपारी हाडांच्या डॉक्टरांकडे गेली.