लाइन लागली!

अकरा वाजायची वाट बघत आम्ही दोघं बूथमध्ये बसलो होतो. रात्री अकरानंतर एसटीडीचा, म्हणजे परगावच्या फोनचा, दर पाव व्हायचा. १९९७ चा श्रावण, पाटण स्टँडसमोरचा आमचा पिवळा फोन बूथ, बाहेर कोयना खोऱ्यातला न थांबणारा पाऊस. पुण्यात इंजिनीअरिंगला असलेल्या माझ्या चुलतबहिणीनं, ताईनं, टॉवेलात गुंडाळून एक काळी डबी आणली होती. मोडेम! मी तो हातात घेतला तेव्हा त्याचं वजन एखाद्या पुस्तकाएवढं भरलं. एवढ्याशा डबीतून आपण पुण्याच्या कॉम्प्युटरवर जाऊन बसणार, हे ताईनं सांगितलं तेव्हापासून मला जेवण गेलं नव्हतं.

विदेश संचार निगमनं १५ ऑगस्ट १९९५ ला इंटरनेट सगळ्यांसाठी खुलं केलं होतं. ताईकडे त्यांचं विद्यार्थ्यांचं खातं होतं, वर्षाला पाचशे रुपयांचं. त्यात चित्रं नाहीत, रंग नाहीत, नुसती अक्षरं. पुण्याच्या सर्व्हरला फोन लावायचा, नाव आणि पासवर्ड द्यायचा, की तिथल्या युनिक्स मशिनचा पडदा आपल्या पडद्यावर. पाटणला असा नंबर नव्हता, म्हणून पुण्यालाच एसटीडी.

बूथच्या मागच्या खोलीत बाबांचा ४८६ कॉम्प्युटर होता, लग्नपत्रिका टाइप करायला घेतलेला. ताईनं मोडेमची रुंद केबल त्याच्या मागे खोचली, फोनची तार मोडेममध्ये घातली आणि टेलिक्स नावाचा प्रोग्रॅम चालू केला. मग 'एटी' अशी दोन अक्षरं टाइप करून एंटर मारलं. पडद्यावर उमटलं, 'ओके'. डबीनं उत्तर दिलं! 'एटी' म्हणजे अटेन्शन, लक्ष दे. हेज नावाच्या अमेरिकन कंपनीनं १९८१ मध्ये आपल्या मोडेमसाठी ही हुकमांची भाषा काढली आणि पुढे बहुतेक मोडेम तीच बोलू लागले.

पण नंबर फिरवायला सांगितला तर 'नो डायलटोन'. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा तेच. मी रिसीव्हर कानाला लावला, टोन तर स्वच्छ येत होता! ताई डोळे मिटून क्षणभर बसली आणि एकदम उठली. आपला डायल टोन ४०० हर्ट्‌झचा, २५ हर्ट्‌झनं घुमवलेला. अमेरिकेतला ३५० आणि ४४० या दोन सुरांचा जोड. हा मोडेम तिकडचा सूर शोधत होता, आणि आपला सूर त्याला टोन वाटतच नव्हता. इलाज चार अक्षरांचा, 'एटीएक्स'पुढे ३. म्हणजे टोनची वाट बघू नकोस, सरळ फिरव.

त्यानं फिरवला. आमची लाइन जुन्या ठोक्यांच्या पद्धतीची. पुण्याचा तेव्हाचा कोड ०२१२, त्यातल्या शून्याला दहा ठोके, दोनला दोन, एकला एक. डबीच्या पोटात टकटकटक वाजत गेलं. रिंग गेली. एक, दोन. आणि पलीकडून कुणी तरी उचललं!

ते ऐकल्याशिवाय कळणार नाही. आधी एक लांब, सरळ, उंच सूर आला, २१०० हर्ट्‌झचा. तो पुण्याचा मोडेम. तो सूर मधूनमधून उलटतो, आणि लांब पल्ल्याच्या लाइनवर प्रतिध्वनी मारायची जी यंत्रं असतात त्यांना बाजूला व्हायला सांगतो. मग आमच्या डबीनं आपला सूर लावला, १८०० चा. पुण्यानं एकदम दोन सूर धरले, ६०० आणि ३००० चे, एक खर्जातला आणि एक चिरका. मग दोघांनी सूर उलटवून पाहिले, आवाज जाऊन परत यायला किती वेळ लागतो ते मोजायला. म्हणजे पाटणचा मोडेम पुण्यापर्यंतची वाट मोजत होता! त्यानंतर खर्रर्र असा आवाज, धबधब्यासारखा. मला वाटलं बिघडलं. ताई म्हणाली, "थांब, शिकतायत ते." आणि खरंच शिकत होते. ठरलेला आवाज एकानं पाठवायचा, दुसऱ्यानं तो तारेतून कसा वाकडा होऊन आला ते बघायचं, आणि तेवढा बाक आपल्याकडे सरळ करून घ्यायचा. एकाच तारेच्या जोडीवर दोघंही एकदम बोलणार, म्हणून प्रत्येकानं आपलाच परत आलेला आवाज ओळखून वजा करायचा. ही सगळी बोलाचाली काही सेकंदांची! मग स्पीकर गप्प झाला, 'सीडी' लिहिलेला लाल दिवा लागला आणि पडद्यावर आलं, 'कनेक्ट ९६००'.

"लाइन लागली!" मी एवढ्यानं ओरडलो की बाबा शटरपासून धावत आले.

मोडेम १४,४०० चा होता, पण पावसानं भिजलेल्या तारेवर दोघांनी ९६०० वर समेट केला. सेकंदाला २४०० वेळा सूर बदलायचा आणि प्रत्येक बदलात चार बिट भरायचे. सेकंदाला नऊशे-साडेनऊशे अक्षरं, अख्खा पडदा भरायला दोन सेकंद. पावसाची जोराची सर आली की अक्षरं थबकायची आणि क्षणानं पुढे सरकायची. त्या वेळात आमचा मोडेम खराब आलेला तुकडा पुण्याकडून पुन्हा मागून घेत होता. मी लहानपणापासून त्याच तारेवर हेच ऐकत आलो होतो! आमच्या खोऱ्यात घरटी एखादा माणूस मुंबईला. बूथच्या काचेआड माणसं कानात बोट घालून ओरडायची, "हॅलो, ऐकू येईना, परत सांग!" तार माणसाच्या आवाजासाठी बेतलेली, ३०० ते ३४०० हर्ट्‌झ एवढीच तिची रुंदी. त्याच अरुंद बोळातून आता पत्रं, यादी, आकडे जात होते.

पुढच्या वर्षी, १९९८ ला, आमच्या दक्षिणेला वारणा खोऱ्यात कोल्हापूर-सांगलीची सत्तर गावं कॉम्प्युटरनं जोडायचं ठरलं, गावातल्या केंद्रावर शेतकऱ्याला उसाची नोंद, तोडीची पाळी, वजन सगळं कळावं म्हणून. बातमी वाचताक्षणी माझ्या कानात तो २१०० चा सूर वाजला.

पण त्या रात्री. ताईनं पासवर्ड दिला, पुण्याच्या मशिनची खूण आली, आणि ती म्हणाली, "आता तुला पाटणच्या माणसानं बघावं असं काही तरी दाखवते." तिनं 'फिंगर' असा हुकूम दिला, पुढे 'क्वेक', आणि अमेरिकेतल्या कोलोरॅडोच्या भूकंप केंद्राच्या मशिनचं नाव. पडद्यावर यादी उतरू लागली. तारीख, वेळ, अक्षांश, रेखांश, खोली, तीव्रता, ठिकाण. जगात अलीकडे धरणी कुठे कुठे हादरली त्याची ओळ न् ओळ, कोलोरॅडोहून पुण्याला, पुण्याहून आमच्या लग्नपत्रिकांच्या पडद्यावर!

मी आजीला उठवून आणलं. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगरचा भूकंप झाला तेव्हा ती तान्ह्या आत्याला घेऊन अंगणात पळाली होती. तेव्हापासून भांडी किणकिणली की ती आधी दाराकडे बघते. ती खुर्चीवर बसली, पदर सावरला, आणि पडद्याकडे बघत म्हणाली, "ह्यात आपलं कोयनेचं हाय का?"

मी अक्षांश १७ शोधत, बोट फिरवत, ओळ न् ओळ वाचून दाखवली. नव्हतं.

"न्हाई ना? बरं झालं," ती म्हणाली, पण उठली नाही. "ही बाकीची कुठली गावं?" मग मी जपान सांगितलं, चिली सांगितलं, फिजी सांगितलं. फिजीला किती खोल झालं तेही तिनं विचारलं. बूथच्या मशिनवरचे लाल आकडे पुढे सरकत होते, बाबा ते बघत होते, आणि तेही काही बोलले नाहीत.

शेवटी ताईनं हात वर धरले. एक सेकंद काहीच दाबायचं नाही, मग तीन वेळा अधिकचं चिन्ह, पुन्हा एक सेकंद शांत, मग 'एटीएच'. लाल दिवा विझला. बिलाची चिठ्ठी करकरत बाहेर आली. मी रिसीव्हर उचलला, आपला तोच घुमणारा सूर चालू होता.

"ताई," मी विचारलं, "पाव दर सकाळी सहापर्यंत असतो ना?"