रान उठवणारे

आमच्या घराण्यात शिकार सुरू व्हायची ती वरडण्यापासून. बंदूक वाड्यावर असायची. महारवाड्यात यायचा तो नुसता सांगावा, की उद्या रान उठवायचंय. आज्जा सांगायचा, त्याच्या बापानं पत्र्याचा डबा घ्यायचा, काठी घ्यायची, भाकरी असली तर फडक्यात बांधायची आणि उजाडायच्या आत टेकाडाच्या पल्याड जाऊन उभं राहायचं. मग डबा बडवत, बोंबलत जनावर बंदुकीपुढं आणायचं. डुक्कर उलटलं तर पोट ह्याचं फाटायचं. मजुरी मागायची सोय नव्हती, म्हणून तर तिला वेठ म्हणायचे. वाटणीत मांडी वाड्यावर आणि आतडी-खूर आमच्याकडं.

हे आज काढलं त्याला कारण आहे. मी सूतगिरणीत रिंगखात्यात आहे. रात्रपाळी सुटताना बरोबरीचा एक जण म्हणाला, "रविवारी शिकारीला चल की लेका. हरणं आमच्या हरभऱ्यात येत्यात. मामाची बंदूक हाय. रान आमच्या मालकीचं, कोण काय करतंय?"

मी म्हणालो, "मला बंदूक धरायला येत न्हाय. मी काय करू?"

तो सहज बोलला, "तू खालच्या अंगानं नुसतं वरडत ये."

त्याच्या मनात काळंबेरं नव्हतं. जात अशीच बोलते मित्रांनो, सहज. कोण बंदुकीमागं आणि कोण झुडपात, हे तिला पाठ असतं. मी म्हणालो, "मी न्हाय येणार, आणि तूबी जाऊ नको." का, तेही सांगितलं. तेच इथं लिहितो.

आमच्याकडं हरणं सागरेश्वरातनं येतात. कडेगाव, पलूस, वाळवा या तालुक्यांतलं १०.८७ चौरस किलोमीटरचं हे अभयारण्य १९८५ साली जाहीर झालं. धों. म. मोहिते यांच्या पुढाकारानं बोडक्या डोंगरांवर माणसांनी झाडं लावली. चितळ, सांबर, काळवीट आणून सोडले. आता ती बाहेर येतात, पिकात शिरतात. शेतकऱ्याचा राग खोटा नाही. त्यानं वनखात्याकडं अर्ज करावा, पंचनामा करून घ्यावा, भरपाईसाठी भांडावं. त्या भांडणात मी त्याच्या बाजूनं येईन.

पण बंदूक काढली की गोष्ट वेगळी. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा सातबारा कुणाच्या नावावर आहे ते विचारत नाही. काळवीट पहिल्या अनुसूचीत आहे. तो मारला तर किमान ३ वर्षं, जास्तीत जास्त ७ वर्षं कैद. २०२२ च्या दुरुस्तीनंतर दंड किमान २५ हजार. आणि नीट वाचा, या कायद्यात शिकारीची जी व्याख्या आहे तिच्यात मारण्यासाठी जनावर हाकणं हीसुद्धा शिकारच धरली आहे. म्हणजे पिढ्यान् पिढ्या मांसाच्या वाट्यात आम्ही शिकारी नव्हतो, शिक्षेच्या वाट्यात मात्र बरोबरीचे.

ज्यांची शिकार हीच भाकर होती त्यांचं काय झालं तेही बघा. फासेपारधी फासे मांडून हरीण धरायचे. इंग्रजांनी १८७१ पासून कायदे करून जमातीच्या जमाती जन्मानंच गुन्हेगार ठरवल्या, त्यांत पारधीही आले. १९५२ साली तो शिक्का कागदावरनं पुसला. पुढं २० वर्षांनी शिकारबंदी आली. बंदी योग्यच आहे, हरीण जगलं पाहिजे. पण ज्या हातातला फासा काढला त्या हाताला जमीन कुणी दिली? गावात चोरी झाली की पोलिसाला पाल आधी आठवतं. १९९८ च्या काळवीट प्रकरणात जोधपूरच्या कोर्टानं सिनेनट सलमान खानला २०१८ साली ५ वर्षांची शिक्षा सुनावली, आणि दोन दिवसांत जामीन मिळाला. पारध्याला जामीन मंजूर झाला तरी जामीनदार लागतो. जामीनदाराला लागतो सातबारा. पालावर सातबारा कुठनं आणायचा?

बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचं बिल मांडलं. महारांच्या मानेवरचा सांगकामाचा जू उतरवायला ते बिल होतं. पुढं १९५८ च्या कायद्यानं ही कनिष्ठ वतनं गेली. संविधानाच्या कलम २३ नं वेठबिगारीला मनाई केली, ती मोडणं गुन्हा ठरवलं. एवढं होऊनसुद्धा "नुसतं वरडत ये" हे वाक्य शिल्लक राहिलं. ते शिकारीपुरतं असतं तर मी लिहिलंही नसतं. प्रचारात आपण घोषणा देतो, तिकीट दुसऱ्याला. दंगलीत पुढं आपली पोरं, केसी आपल्या पोरांवर. घसा आपला, नेम दुसऱ्याचा.

म्हणून पुढच्या वेळी कुणी बोलावलं तर दोन गोष्टी विचारा. रान कुणाचं? आणि वाटणी कशी?

दादासाहेब गायकवाडांनी १९५९ साली भूमिहीनांना घेऊन सत्याग्रह केला, तेव्हा आपली माणसं जमिनीसाठी ओरडत तुरुंगात गेली. त्या ओरडण्यात नेमही आपला होता. आपल्या तालुक्यातल्या गायरानाच्या अतिक्रमणांची यादी तलाठ्याकडं मागा. जवळच्या पालावर जाऊन कुणाचं पोरगं आत आहे ते विचारा. ज्याच्या घरी गुंठाभर जमीन आहे त्यानं त्या पोराला जामीन राहावं. घसा ताणायला एवढी कामं पडली आहेत.