दोन खिडक्यांचा कॅमेरा

खांद्याला मोठा काळा डीएसएलआर लटकवून मंडईत शिरलं की पहिला प्रश्न येतो, "कुठल्या पेपरचे?" दुसरा, "कधी छापून येणार?" पुढे प्रश्न नसतात. माणूस एकतर केस सारखे करतो किंवा पाठ फिरवतो. त्याच मंडईत गळ्यात चंदेरी माथ्याचा, काळ्या कातड्यात मढवलेला जुना रेंजफाइंडर असेल तर बोलणंच वेगळं होतं. "चालतो का हो अजून?" "रोल मिळतो?" "केवढ्याला पडला?" आणि जरा धीट असेल तो सरळ हात पुढे करून म्हणतो, "बघू."

हे 'बघू' मला फार आवडतं. दुसऱ्याच्या महागड्या फोनला कुणी असा हात घालत नाही. जुन्या यंत्रावर मात्र सगळ्यांचा थोडा थोडा हक्क असतो, असं लोक धरून चालतात. मीही देतो.

माझा कॅमेरा याशिका इलेक्ट्रो ३५. लायका नव्हे, नव्या लायकाच्या किमतीत आपल्याकडे बरी चारचाकी येते. हे मॉडेल जपानमध्ये १९६६ साली निघालं. ४५ मिलिमीटरची, एफ १.७ची टपोरी लेन्स, पुढच्या अंगाला एक मोठी आणि एक इवलीशी खिडकी. ज्या पाऱ्याच्या बॅटरीवर तो चालायचा ती आता बनत नाही, त्यामुळे आत दुसऱ्याच बॅटऱ्या जमवाजमव करून बसवाव्या लागतात. माथ्यावर दोन बारके दिवे आहेत. उजेड कमी पडला की पिवळा लागतो, जास्त झाला की लाल. हे दिवे दाखवले की हमखास कुणीतरी म्हणतं, "सिग्नलच की हो!"

वाईच्या घाटावर एक आजोबा नातवाला घेऊन पायऱ्यांवर बसले होते. नातवाने कॅमेरा हातात घेतला, उलटा केला आणि मागच्या काळ्या पाठीवर बोट सरकवून पाहिलं. तिथे काही उजळलं नाही. "फोटो कुठे दिसतो?" "आता नाही दिसत. रोल धुऊन आला की." यावर त्याने माझ्याकडे असं पाहिलं, की मला कुणीतरी फसवून हे यंत्र विकलं असावं. मग त्याने डोळा खिडकीला लावला आणि ओरडला, "आजोबा, तुम्ही दोन आहात!"

दोन असतातच. मोठ्या खिडकीतून एक चित्र येतं, छोट्या खिडकीतून आरशांच्या वाटेने दुसरं येतं, आणि मधल्या पिवळसर चौकोनात ती दोन्ही एकमेकांवर पडतात. खिडक्यांमध्ये अंतर असल्यामुळे चित्रं जुळत नाहीत. लेन्सचं कडं फिरवत न्यायचं. दुसरं चित्र हळूहळू सरकत येतं आणि पहिल्यात मिसळतं. ज्या क्षणी नाकावर नाक बसलं, त्या क्षणी अंतर नेमकं साधलं. म्हणून नाव रेंजफाइंडर. मी मुलाचं बोट कड्यावर ठेवलं. त्याने जीभ बाहेर काढून, श्वास रोखून कडं फिरवलं. "आता एकच!"

"एकच पुरे आहे रे बाबा तुझ्या आजीला," आजोबा म्हणाले.

आणि मग ते सुरू झाले. थोरला भाऊ बोटीवर होता, त्याने एडनहून असाच आणला होता. घरात शिवायची कुणाची टाप नव्हती. छत्तीसच्या रोलमध्ये तो सदतिसावा, अडतिसावा फोटो काढून दाखवायचा आणि वर फुशारकी मारायचा. बारशापासून तेराव्यापर्यंत सगळ्या घराचे फोटो त्याने काढले, "आणि त्याचा बघाल तर एक धड नाही." हे म्हणताना त्यांची मान किंचित वाकडी झाली. तेवढ्यात मी चाप दाबला होता. त्यांना कळलंही नाही, कारण याशिकाचं शटर लेन्सच्या आत असतं आणि त्याचा आवाज घड्याळाच्या एका टिकेएवढा. नंतर त्यांनी विचारलं, "काढणार ना?" "काढला." "आवाज नाही आला तो?"

मुळात रेंजफाइंडर कुणाच्या लक्षात येत नाही म्हणूनच नावाजला गेला, हीच तर गंमत आहे. १९२५ साली ऑस्कर बारनॅकचा लायका बाजारात आला तो खिशात मावणारा म्हणून. १९३२च्या मॉडेलमध्ये लेन्सला जोडलेला रेंजफाइंडर बसला आणि हातात धरून झटपट फोटो काढणाऱ्यांची जातच निर्माण झाली. फोटोग्राफर आँरी कार्तिए-ब्रेसाँ लायकाच्या चकचकीत भागांवर काळी पट्टी चिकटवायचा. वॉकर इव्हान्सने १९३८ ते १९४१ या काळात न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत प्रवाशांचे फोटो काढले. त्याने कॉन्टॅक्स कॅमेऱ्याची चमक काळ्या रंगाने मारली, कॅमेरा ओव्हरकोटात लपवला आणि लेन्स दोन बटणांच्या मधून बाहेर डोकावू दिली. समोरच्या बाकावरच्या कुणालाही पत्ता नव्हता. त्या फोटोंचं पुस्तक निघालं १९६६ला, माझ्या याशिकाच्या जन्मसाली. चोरून काढलेले चेहरे सुंदर आहेत यात वाद नाही, पण ते पाहताना मला आपणच कुणाच्या तरी दाराच्या फटीतून बघतोय असं वाटत राहतं.

लपण्याची ही कला आपल्याकडेही एकदा कसाला लागली. ३० जानेवारी १९४८ला कार्तिए-ब्रेसाँ बिर्ला भवनात गांधीजींना भेटून बाहेर पडला आणि थोड्याच वेळात हत्येची बातमी आली. तो परत फिरला. मार्गारेट बर्क-व्हाइटही तिथे पोचली. तीही त्या दिवसांत गांधीजींचे फोटो काढत होती, योग्यतेने तसूभरही कमी नव्हती. पण पार्थिव ठेवलेल्या खोलीत तिचा फ्लॅश उडाला आणि शोकात बसलेली माणसं संतापली. फिल्म काढून घेतली गेली, तिला बाहेर जावं लागलं. कार्तिए-ब्रेसाँ फ्लॅशशिवाय, आहे त्या उजेडात काम करत राहिला. लोकांचा राग कॅमेऱ्यावर नव्हता, त्याच्या बोभाट्यावर होता.

मग १९५९मध्ये निकॉन एफ आला. लेन्समधून जे दिसतं तेच डोळ्याला दाखवणारा, आत आरसा आणि माथ्यावर प्रिझमचा उंचवटा असलेला. पुढच्या काही वर्षांत बातमीदारांपासून लग्नाच्या फोटोग्राफरपर्यंत सगळे तिकडे वळले, आणि लोकांच्या मनात 'कॅमेरा' म्हणजे ते उंचवट्याचं काळं धूड पक्कं झालं. रेंजफाइंडर कपाटात गेला आणि अनेक वर्षांनी बाहेर आला तेव्हा तो चारचौघांत उठून दिसायला लागला होता. न दिसण्यासाठी वाखाणलेली वस्तू आता सगळ्यात आधी दिसते. लायकाच्या दर्शनी भागावरच्या लाल ठिपक्यावर अजूनही लोक काळी पट्टी लावतात. पूर्वी पट्टी रस्त्यावरच्या माणसासाठी होती. आता रस्त्यावरच्या माणसाला ठिपक्याशी घेणंदेणं नसतं. पट्टी पाहून ओळखतात ते फक्त दुसरे लायकावाले.

जुनेपणाला भाव आला की जुनेपणाचा कारखाना निघतोच. फुजीने २०११मध्ये एक्स १०० बाजारात आणला. आत संगणक, बाहेर साठच्या दशकाचा पोशाख, आणि रेंजफाइंडरची यंत्रणा नाहीच. तो मला आवडतो, खोटं कशाला बोलू. पण २०१५मध्ये लायकाने गायक लेनी क्रॅव्हिट्झच्या नावाने १२५ संच काढले, त्यांचा काळा रंग कारखान्यातच हाताने घासून खालचं पितळ उघडं पाडलेलं होतं. दुसऱ्याने जगलेली वर्षं विकत घ्यायची सोय! आमच्या जुन्या बाजारात रविवारी फाटक्या चादरीवर अस्सल पितळ उघडं पडलेले कॅमेरे पडून असतात, त्यांना कुणी विचारत नाही.

"आमच्याकडे असाच होता" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय, की त्यातला 'असाच' आता मी तपासत नाही. नीट विचारलं तर तो बहुतेक वेळा बडोद्यात बनलेला आग्फा क्लिक थ्री निघतो. बारा चौकोनी फोटोंचा, साधा, रेंजफाइंडरशी काही नातं नसलेला. तरी कुणी चुकीचं बोलत नसतं. त्यांना कॅमेरा आठवत नसतोच. तो धरणारा माणूस आठवत असतो, आणि "हलू नका रे" ही त्याची दटावणी.

या कॅमेऱ्यासमोर लोक मोकळे होतात त्याला, मला वाटतं, आणखी एक साधं कारण आहे. रेंजफाइंडरची बघायची खिडकी कडेला असते. उजवा डोळा तिला लावला तरी डावा डोळा आणि अर्धा चेहरा उघडा राहतो. समोरच्याला यंत्र दिसत नाही, आपल्याकडे बघणारा माणूस दिसतो. अर्थात म्हणून जुना कॅमेरा हा काही परवाना होत नाही. मंडईतल्या एका मावशींनी माझ्या याशिकाकडे ढुंकूनही पाहिलं नाही. "फोटो काढायचा तर काढा, पण आधी मेथी घ्या." मेथी घेतली. फोटोत त्यांचं लक्ष पुढच्या गिऱ्हाइकाकडे आहे.

वाईचा रोल धुऊन, स्कॅन होऊन आला तेव्हा आजोबांचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवला. वाकडी मान, अर्धवट उघडं तोंड, मागे कृष्णेचं पाणी. मला स्वतःला तो बरा वाटला होता. दोन दिवसांनी उत्तर आलं: "फोटो मिळाला. ठीक आहे. त्या कॅमेऱ्याचा एक पाठवा, वहिनींना दाखवायचाय." कॅमेऱ्याचा फोटो कॅमेऱ्याने कसा काढणार? फोनवर काढून पाठवला. संध्याकाळी पुन्हा निरोप: "वहिनी म्हणतात, हा तो नव्हे. तो यापेक्षा खूप छान होता."