आत्तीची जीभ

आमच्या आत्तीच्या जिभेला हाड नाही, असे अवघे कवठे महांकाळ म्हणत असे. आणि ते काही खोटे नव्हते. सकाळी सडा टाकून ती दारातल्या दगडावर बसली की एस. टी. स्टँडाकडे निघालेला माणूस तिच्या तावडीतून सुटत नसे. कुणाची म्हैस आटली, कुणाची सून माहेरी जाऊन बसली, कुणाच्या द्राक्षावर दावण्या पडला, हे सारे तिला त्या त्या घरच्या माणसांच्या आधी कळे. पण त्याच जिभेवर शेकडो ओव्या होत्या. नरकचतुर्दशीच्या पहाटे मला पाटावर बसवून ती अंगाला तेल चोळी आणि तेलाच्या हाताबरोबर तिची ओवी चाले. मी पुढे मराठीचा मास्तर झालो, चार कादंबऱ्या लिहिल्या. त्यांतली निम्मीअर्धी वाक्ये आत्तीची आहेत. पुस्तकावर तिचे नाव मात्र मी कुठे घातले नाही.

आत्तीला व्यसन एकच, मिसरीचे. तव्यावर तंबाखू काळी होईस्तोवर भाजायची, कुटून पत्र्याच्या डबीत भरायची आणि सकाळ-संध्याकाळ दातांना लावून बसायचे. आमच्याकडच्या बायकांना हे व्यसन वाटतच नाही. दात घासणे वाटते. मी स्वतः वर्गात तंबाखूचे दुष्परिणाम शिकवीत असे. भिंतीवर तक्ताही होता. घरी येऊन आत्तीची डबी संपली की बाजारातून तंबाखूचा पुडा मीच आणून देई.

२०१६ सालच्या दिवाळीत आत्तीने चकली अर्धी खाऊन ताटात ठेवली.

"तिखाट लई घातलंय बाई," ती म्हणाली.

चकल्या दरवर्षीच्याच मापाने केल्या होत्या. मी तिला तोंड उघडायला लावले. जिभेच्या डाव्या कडेला चिंचोक्याएवढा चट्टा होता, कडा पांढरट आणि उचललेल्या.

"दात लागतोय रं बाळू. हुईल बरं."

आणि मी ते मानले. खरे सांगायचे तर मला ते मानायचेच होते. मग एकाने दात घासून दिला, दुसऱ्याने मलम दिले, तिसऱ्याने झाडपाल्याचा रस सांगितला. संक्रांत आली तरी चट्टा तिथेच होता. पंधरा दिवसांत न भरणारी तोंडातली जखम डॉक्टरला दाखवावी, हे त्या तक्त्यावर लिहिलेले होते. मी ते मुलांकडून मोठ्याने वाचूनही घेतले होते!

मनात नाव आले नव्हते असे नाही. ते उच्चारायचे धैर्य नव्हते. आमच्या तासगाव-कवठे महांकाळ मतदारसंघाचे आमदार आर. आर. पाटील, आमचे आबा, १६ फेब्रुवारी २०१५ रोजी तोंडाच्या कर्करोगाने गेले होते. ती जखम अजून ओली होती. गावातली जाणती माणसे येऊन सांगत, "मास्तर, लोखंड लावू देऊ नका. चाकू लागला की ते पसरतं. आबांसारख्या माणसाचं काही चाललं नाही, तिथं आपण कोण?" शरद पवारांच्या तोंडावर २००४ साली शस्त्रक्रिया झाली आणि त्यानंतर कित्येक वर्षे ते महाराष्ट्र पालथा घालीत राहिले, हे मात्र त्यांतल्या एकालाही आठवत नसे.

शेवटी पत्नीच म्हणाली, "आत्याबाईंना तुम्ही नेता का मी नेऊ?" तेव्हा आम्ही मिरजेची एस. टी. धरली.

मिरज हे तंतुवाद्यांचे आणि डॉक्टरांचे गाव. डॉ. वॉन्लेस यांनी तिथे १८९४ मध्ये इस्पितळ उभारले, तेव्हापासून आमच्या भागात 'मिरजेला नेलंय' म्हटले की दुखणे मोठे आहे, हे सांगावे लागत नाही. तिथे एका तरुण डॉक्टरीणबाईंनी आत्तीची जीभ पाहिली, बोटाने दाबली, मान चाचपली आणि म्हणाल्या, "तुकडा काढून तपासू."

मी गावातली शंका भीत भीत विचारली. बाई रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "मास्तर, लोक आमच्याकडे उशिरा येतात. तोवर रोग पसरलेलाच असतो. मग चाकू लागतो, माणूस जातो आणि आळ चाकूवर येतो."

एस. टी.त मी यावर विचार करीत होतो. घर जळून कोळसा झाल्यावर बंब आला, तर आग बंबाने लावली असे कुणी म्हणत नाही. इथे मात्र पिढ्यान्पिढ्या आपण तेच म्हणत आलो. आपल्याच सुश्रुताने अर्बुदाविषयी केव्हाच बजावून ठेवले आहे की, ते थोडे जरी मागे राहिले तरी पुन्हा वाढते. म्हणजे दोष कापण्यात नाही, अर्धवट कापण्यात आहे.

तुकडा तो केवढा! ज्वारीच्या दाण्याएवढा. जीभ बधिर करून चट्ट्याच्या कडेचा काढला आणि औषधाच्या बाटलीत टाकला. पुढे तो मेणात बसवतात, केसाहूनही पातळ काप काढतात, गुलाबी-जांभळ्या रंगात बुडवतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरतात. पेशी शिस्तीत बसल्या आहेत की वर्गातून मास्तर गेल्यासारख्या उधळल्या आहेत, ते तिथे दिसते. आत्तीच्या उधळल्या होत्या.

"अजून हाडापर्यंत गेलेलं नाही, हे नशीब," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मला दिवाळी ते संक्रांत हे दिवस आठवले आणि मी खाली पाहिले.

महालक्ष्मी एक्स्प्रेसने आम्ही मुंबईला गेलो. परळचे टाटा इस्पितळ २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले. सर दोराबजी टाटांच्या पत्नी मेहेरबाई रक्ताच्या कर्करोगाने गेल्या, त्या दुःखातून ते उभे राहिले. तिथल्या प्रयोगशाळेची घडी डॉ. वसंत रामजी खानोलकर या मराठी माणसाने बसवली आणि इस्पितळाच्या रस्त्याला डॉ. अर्नेस्ट बोर्जेस या गोमंतकीय शल्यविशारदाचे नाव आहे. त्या रस्त्याच्या पदपथावर पथारी टाकलेली बिहारची, बंगालची, विदर्भाची कुटुंबे पाहिली आणि आपले दुःख एकट्याचे नाही, हे कळले. दुःख त्याने कमी झाले नाही; पण पाठ थोडी ताठ झाली.

तिथले शल्यविशारद म्हणाले, "जिभेचा रोगट भाग भोवतीच्या चांगल्या भागासह काढू. आणि डाव्या बाजूच्या मानेतल्या गाठीही काढू."

मानेत तर गाठ लागत नव्हती. आत्ती फणकारली, "ज्या गाठी न्हाईतच त्या कशापायी कापता? पैकं घ्यायला व्हय?"

डॉक्टर हसले. म्हणाले, हाच प्रश्न आम्हालाही होता. कुणी म्हणे मान आधीच कापावी, कुणी म्हणे गाठ उठली तर कापावी. तेव्हा याच इस्पितळात डॉ. अनिल डिक्रूझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ पासून दहा वर्षे रुग्णांच्या दोन फळ्या करून पाहिल्या. पाचशे जणांचा हिशेब २०१५ साली जगापुढे मांडला. मानेतल्या गाठी आधीच काढल्या त्यांच्यातले शंभरांतले ऐंशी तीन वर्षांनी हयात होते. वाट पाहिली त्यांच्यातले सदुसष्ट-अडुसष्ट. डोळ्याला न दिसणारा, बोटाला न लागणारा रोग मानेत आधीच जाऊन बसलेला असतो, म्हणून हा फरक.

मी मनाशी वजाबाकी केली. शंभरांत बारा-तेरा माणसे! आमच्या आळीतली दोन घरे. संमतीच्या कागदावर माझी सही मागितली, तेव्हा माझा हात थांबला तो या हिशेबासाठी नव्हे. मी विचारले, "डॉक्टर, बोलणं राहील का?"

"राहील. पहिल्यासारखं नसेल."

आत्तीने माझ्याकडे पाहिले. "कर सही," ती म्हणाली. "आजवर लई बोलले."

शस्त्रक्रिया सकाळी सुरू झाली. दाराबाहेर मी घड्याळ पाहत होतो. आत कापलेल्या भागाच्या कडा तिथल्या तिथे गोठवून, काप काढून तपासतात आणि कडेला रोग उरला नाही ना, याची अर्ध्या तासात खात्री करून घेतात, असे मला सांगितले होते. सुश्रुताची ताकीद आणि हे गोठवण्याचे यंत्र, यांच्यामध्ये दोन हजारांवर वर्षे गेली; पण धास्ती तीच.

दहा-बारा दिवस आत्ती बोलली नाही. नाकातल्या नळीने दूध-पेज घेई आणि पाटीवर लिही. तिची अक्षरओळख चौथीची. पहिल्या दिवशी लिहिले, "म्हस दुती का".

पुढे अहवाल आला. मानेतून एकतीस गाठी काढल्या होत्या. तीस निर्मळ. एकीत रोग होता.

ती एक गाठ! बोटाला न लागलेली, आत्तीने नाहीच म्हटलेली, माझ्या मनातही शंका असलेली. तो कागद हातात धरून मी जिन्यावर बराच वेळ बसून राहिलो. मग सहा आठवडे किरणोपचार झाले. तोंड सोलून निघाले, खांदा आखडला, चव गेली. पाडव्याला आम्ही परळला होतो. गावी परतलो तेव्हा वळीव येऊन गेला होता.

त्या वर्षीच्या नरकचतुर्दशीला पहाटे आत्तीने मला हाक मारली, "बायू!" तिला 'ळ' म्हणता येत नव्हता, जीभ टाळूकडे वळत नव्हती. चाळिशी जवळ आलेला मी पाटावर जाऊन बसलो. उजव्या हाताने ती तेल चोळू लागली. तिने ओवी धरली, दुसऱ्या शब्दाला अडखळली, पुन्हा धरली आणि थांबली. घरात कुणी बोलेना. मला वाटले, आता रडते.

पण आत्ती बोळक्या आवाजात हसली आणि म्हणाली, "बरं झायं बायू, जिभेय्या हाड न्हवतं. न्हाईतर डाक्टरया करवत आनाया यागयी असती!"

मिसरीची ती पत्र्याची डबी घरात अजून आहे. पत्नीने ती चिंचेने घासून लखलखीत केली. दिवाळीत तिच्यात उटणे असते. आणि दारातल्या दगडावर आत्तीही असते. येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवते, डबीकडे बोट दाखवून आपली जीभ बाहेर काढून दाखवते आणि म्हणते, "बघ!" तिच्या साऱ्या ओव्यांपेक्षा आता गावात तो एकच शब्द जास्त ऐकला जातो.