पडणाऱ्या दाताची किंमत

‘दुधाचे दात पडणारच आहेत, त्यांच्यावर पैसा कशाला घालवायचा?’ वाचकहो, भोसरीपासून चाकणपर्यंतच्या आमच्या कामगार वस्त्यांतून हा प्रश्न मी अनेकदा ऐकला आहे. तो विचारणारे आईवडील निष्काळजी नसतात. दवाखान्याची एक फेरी म्हणजे अनेकांच्या बाबतीत एका दिवसाची बुडालेली मजुरी. म्हणून या प्रश्नाचे उत्तर उपदेशाने देऊ नये, हिशेबाने द्यावे.

माझी मुलगी सहा वर्षांची असताना तिच्या खालच्या दोन दुधाच्या दाढा किडल्या. या दाढा साधारण दहा ते बारा वर्षांच्या वयापर्यंत टिकायच्या असतात. त्या अकाली गेल्या तर शेजारचे दात मोकळ्या जागेत कलतात आणि मागून येणाऱ्या कायमच्या दातांची वाट अडते. म्हणजे प्रश्न पुढच्या चारपाच वर्षांच्या चावण्याचा, झोपेचा आणि वेदनेचा होता.

वाहनांच्या सुट्या भागांची तपासणी हा माझा व्यवसाय. त्यामुळे दंतवैद्यांना मी सवयीचेच प्रश्न विचारले: हा पदार्थ कशाने धरतो, किती भार सोसतो, किती टिकतो? त्यांनी एका दाढेसाठी ग्लास आयोनोमर सिमेंट सुचवले. विल्सन आणि केंट या संशोधकांनी ते १९७२ साली जगापुढे मांडले. ते दाताशी रासायनिक बंधाने जोडले जाते. त्यामुळे पकड मिळावी म्हणून निरोगी भाग फारसा कोरावा लागत नाही. तोंडात आम्लता वाढली की ते अधिक फ्लोराइड सोडते, आणि टूथपेस्टमधून पुन्हा काही फ्लोराइड शोषून घेते. परिस्थिती ओळखून वागणाऱ्या अशा पदार्थांनाच ‘स्मार्ट’ म्हणतात. मात्र मोठ्या भाराखाली ते झिजते, हेही त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितले.

दुसऱ्या दाढेसाठी सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड हा द्रव होता. तो नुसता लावायचा. ना सुई, ना यंत्राची घरघर. तो कीड थोपवतो, पण किडलेला भाग कायमचा काळा पडतो, आणि खड्डाही भरून येत नाही. कीड दाताच्या नसेपर्यंत पोहोचली असेल तर तो उपयोगी नाही. आमच्या घरी या काळ्या रंगावर दोन दिवस चर्चा झाली. शेवटी मागच्या दाढेच्या रंगापेक्षा मुलीची भीती आम्हांला महत्त्वाची वाटली. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली हे दोन्ही पदार्थ आपल्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतले आहेत.

तरीही एक गोष्ट ध्यानात ठेवावी. सिमेंटला पुन्हा फ्लोराइड मिळते ते रोजच्या दात घासण्यातून. पदार्थ कितीही हुशार असला तरी त्याला रात्रीचा ब्रश लागतोच. तीन ते सहा वर्षांच्या मुलाला वाटाण्याएवढी फ्लोराइडयुक्त पेस्ट पुरे. आमच्याकडे ज्याची रात्रपाळी नसेल त्याने मुलीचे दात घासून द्यायचे, असा नियमच आहे.

आपणही आज मुलाचे तोंड उजेडात पाहा. सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या दाढांच्या मागे, एकही दात न पडता, पहिली कायमची दाढ उगवते. ती दुधाची समजून पुष्कळदा दुर्लक्षित राहते. अंगणवाडीत वा सरकारी शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक आले, तर दातांविषयी आवर्जून विचारा. ठणका लागण्यापूर्वी केलेली एक फेरी पुढच्या अनेक फेऱ्या वाचवू शकते.