आणखी दोन दिवस

लातूरकडचे एक शेतकरी काका त्यांची कारवानी कुत्री घेऊन दवाखान्यात आले. लांब मानेची, बारीक कमरेची, देखणी जात. टेबलावर ती शांत उभी होती आणि काकांचा हात तिच्या डोक्यावरून हलत नव्हता.

"मॅडम, आज अकरावा दिस हाय. नर बी टेम्पोत आणलाय. मागल्या दोन्ही बारीला ह्याच दिवशी लावली, दोन्ही बारीला खाली राहिली. एखादी सुई असली तर बघा."

कुत्री वर्षातून जेमतेम दोनदा माजावर येते. दोन खेपा रिकाम्या जाणं म्हणजे एक वर्ष जाणं.

मी काचपट्टीवर योनीस्राव पसरला, रंगवला आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरला. माज भरात असला की पेशी सपाट, कोनदार दिसतात, पापडाचे तुकडे पडावेत तशा, आणि त्यातलं केंद्रक जवळपास नाहीसं झालेलं असतं. इथे तसे तुकडे होते, पण त्यांच्यात ठळक केंद्रकाच्या गोलसर पेशीही बऱ्याच होत्या. रक्ताचा नमुना गावातल्या माणसांच्याच लॅबमध्ये पाठवला. संध्याकाळी प्रोजेस्टेरॉन संप्रेरकाचा आकडा आला, मिलिलीटरमागे १ नॅनोग्रॅमच्या आसपास. मी फोनवर सांगितलं, "काका, आज नको. तीन दिवसांनी परत या."

काकांचा हिशोब गायीचा होता, आणि गायीसाठी तो बरोबर आहे. सकाळी माज दिसला तर संध्याकाळी भरवायची, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी. गायीचं बीजांड अंडाशयातून सुटतं ते फलनाला तयार होऊनच, आणि त्यानंतर त्याच्या हातात थोडे तास असतात. बाईचंही तसंच. कुत्रीचं बीजांड मात्र कच्चं सुटतं. त्याचं अर्धसूत्री विभाजन अजून पहिल्याच टप्प्यावर अडलेलं असतं. उरलेलं सगळं ते अंडवाहिनीत पूर्ण करतं, आणि त्याला दोन ते तीन दिवस लागतात. त्याआधी शुक्राणू पोचले तरी त्यांना वाट बघावी लागते. कुत्र्याचे शुक्राणू मादीच्या शरीरात सहा-सात दिवस तग धरतात, म्हणून गल्लीतल्या कुत्र्यांचं कुणी दिवस न मोजताही निभतं. पण नर एकदाच आणता येणार असेल, किंवा रेत गोठवलेलं असेल, तर दिवस चुकवून चालत नाही.

या कच्चेपणाशी माझी ओळख पदव्युत्तर शिक्षणाच्या वेळी झाली. तेव्हा आम्ही देवनारच्या कत्तलखान्यातून म्हशींची अंडाशयं कोमट सलाइनमध्ये, थर्मासात घालून आणायचो. त्यातली बीजांडं काढून इन्क्युबेटरमध्ये ठेवली की चोवीस तासांत भोवतीच्या क्युम्युलस पेशी फुलून यायच्या, पिंजलेल्या कापसासारख्या. बीजांड पिकल्याची ती खूण.

मग मी कुत्र्यांकडे वळले. नसबंदीच्या शस्त्रक्रियांत काढलेली अंडाशयं मिळत होती. बीजांडं काढली तर काळीभोर. त्यांच्यात चरबी इतकी असते की खालून प्रकाश सोडला तरी आत काही दिसत नाही; केंद्रक बघायला ते चमकवणारा रंग घालावा लागतो. चोवीस तास झाले, अठ्ठेचाळीस झाले, बहात्तर झाले. क्युम्युलस पेशी घट्ट चिकटून होत्या तशाच होत्या. रंग घातल्यावर बहुतेक बीजांडांत केंद्रक जिथल्या तिथे अखंड दिसलं. काही बीजांडं मेलेली होती. मी माध्यम बदललं, संप्रेरकं बदलली, कित्येक रात्री त्या खोलीत काढल्या. आता कळतं की चूक माध्यमात शोधत होते, ती आधीपासूनच होती. नसबंदीला येणारी कुत्री बहुतेक वेळा माजावर नसते. तिच्या बीजांडाला निघायची तयारी करायला कुणी सांगितलेलंच नसतं.

हे सांगणं म्हणजे काय, ते उंदरांवरच्या कामातून चांगलं उलगडलं आहे. अंडाशयात बीजांड ज्या पिशवीत वाढतं, त्या फॉलिकलच्या भिंतीतल्या पेशी एक छोटं पेप्टाइड सोडतात. त्यामुळे बीजांडाला लगटून बसलेल्या क्युम्युलस पेशी सायक्लिक जीएमपी नावाचा रेणू बनवतात. तो पेशीपेशींमधल्या सूक्ष्म दारांतून, ज्यांना आम्ही गॅप जंक्शन म्हणतो, बीजांडात झिरपतो आणि तिथल्या एका एन्झाइमला अडवून धरतो. त्या एन्झाइमचं काम सायक्लिक एएमपी मोडण्याचं. ते अडलं की एएमपी चढं राहतं, आणि एएमपी चढं आहे तोवर बीजांड जागचं हलत नाही. मग मेंदूच्या तळाशी असलेल्या पियूष ग्रंथीतून एलएच संप्रेरकाची लाट येते. दारं मिटतात, जीएमपी ओसरतो, एएमपी मोडतं, केंद्रकाचं आवरण विरघळतं. पिंकस आणि एन्झमन यांनी १९३५ मध्ये सशाची बीजांडं फॉलिकलबाहेर काढली तेव्हा ती आपणहून पुढे निघाली होती. बीजांडाला 'चल' म्हणावं लागत नाही; 'थांब' म्हणणारे गप्प झाले की ते निघतं.

कुत्रीत हे गप्प होणं फार सावकाश होतं. लाट येऊन गेली, दोन दिवसांनी बीजांड सुटलं, तरी सोबतच्या पेशी त्याला बिलगूनच अंडवाहिनीत उतरतात. शिवाय तिच्या रक्तात प्रोजेस्टेरॉन बीज सुटण्याच्या आधीच चढायला लागतं, म्हणजे हे पिकणं इतर जनावरांपेक्षा वेगळ्याच रसात होतं. निसर्गाने असं का केलं असेल हा प्रश्न मला आजही मनापासून पडतो.

सस्तन प्राण्याच्या अंडाशयात माणसाच्या नजरेला पडलेलं पहिलं बीजांड कुत्रीचंच होतं. १८२७ मध्ये कार्ल अर्न्स्ट फॉन बेअर यांनी क्योनिग्सबर्गला ते पाहिलं. फॉलिकलमध्ये एक पिवळसर ठिपका, आणि सूक्ष्मदर्शकाखाली घातल्यावर एक पूर्ण गोल. आणि तेच बीजांड प्रयोगशाळेला फार उशिरा वश झालं. सोलमध्ये २००५ साली जन्मलेल्या स्नपी या पहिल्या क्लोन कुत्र्यासाठी संशोधकांनी बीजांडं पिकवण्याचा नाद सोडला आणि मादीच्या अंडवाहिनीतून पिकलेलीच धुऊन काढली. तरीही १२३ माद्यांमध्ये १०९५ भ्रूण ठेवावे लागले. टेस्ट ट्यूबमधून कुत्र्याची पहिली पिल्लं जन्मली २०१५ च्या जुलैत, कॉर्नेल विद्यापीठात. सात पिल्लं. तिथल्या संशोधकांनी शुक्राणूंच्या माध्यमात मॅग्नेशियम घातलं होतं, पण त्याहून मला भिडली ती दुसरी गोष्ट. त्यांनी बीजांडं अंडवाहिनीत आणखी एक दिवस राहू दिली. ते वाचलं त्या रात्री मला माझा इन्क्युबेटर आठवला आणि झोप लागली नाही.

काका चौदाव्या दिवशी आले. आकडा २ च्या थोडा वर. म्हणजे एलएचची लाट नुकतीच येत होती. सोळाव्या दिवशी ६. काचपट्टीवर आता फक्त पापडाचे तुकडे.

"मग आज लावू का?"

"आज बीज सुटलंय काका, पण कच्चं आहे. आणखी दोन दिवस."

ते बराच वेळ काही बोलले नाहीत. दोनदा फसलेल्या माणसाला हातातला माज निसटताना दिसत असणार. मी केसपेपरच्या पाठीवर एक गोल काढला, भोवती ठिपक्यांचं कडं काढलं आणि ठिपके काय करतात ते सांगितलं.

"म्हंजी ह्या बारक्या त्याला सोडंनात," काका म्हणाले.

"हो. आणि त्यांनी सोडल्याशिवाय ते पिकत नाही."

अठराव्या आणि विसाव्या दिवशी जोडी लावली. पुढे सव्वीस दिवसांनी सोनोग्राफीत काळ्या पोकळ्या दिसल्या आणि प्रत्येकीत एक बारीक लुकलुक. काका पडद्याला नाक लावून मोजत होते. पाचपर्यंत मोजलं, मग ती हलली आणि त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.