एलएस ४००च्या प्रोटोटाइपला

प्रिय चाचणीगाडीस,

जानेवारी १९८९मध्ये डेट्रॉइटच्या प्रदर्शनात जी लेक्सस एलएस ४०० जगापुढे आली, ती तू नव्हेस. तू तिच्या आधीची, सुमारे साडेचारशे प्रोटोटाइपपैकी एक. कौतुक तिच्या वाट्याला आलं, हाल तुझ्या. म्हणून पत्र तुलाच.

१९८३ साली, लेक्सस ज्या टोयोटाची तिचे अध्यक्ष एइजी टोयोडांनी जगातल्या सर्वोत्तम गाड्यांना तोडीस तोड गाडी करायचं मनावर घेतलं. मुख्य अभियंता इचिरो सुझुकींनी मग तुझ्याकडून काय काय मागितलं! ताशी २५० किलोमीटर वेग. शंभरच्या वेगाला आत ५८ डेसिबलच आवाज. आणि पेट्रोल इतकंच, की अमेरिकेत जादा पिणाऱ्या गाड्यांवर बसणारा कर लागू नये. म्हणजे लिटरला साधारण साडेनऊ किलोमीटर तरी धावायला हवं. यातली कुठलीही एक मागणी पुरवणं कठीण नव्हतं. सगळ्या एकदम पुरवायच्या तर एक दुसरीच्या पायात पाय घालते. शांतता हवी म्हणून जाड अस्तरं भरावीत तर वजन वाढतं, वजन वाढलं की पेट्रोल. वेगासाठी मोठं इंजिन बसवावं तर थरथर.

आलिशान गाड्यांच्या धंद्यात यावर सोपा इलाज होता: वजन घाला, आवाज दाबा, पेट्रोलचं गिऱ्हाईक बघून घेईल. सुझुकींना तो मंजूर नव्हता. आवाज झाकायचा नाही, तो जन्मतो तिथेच गाठायचा, हा त्यांचा हट्ट. मला तुझ्या सगळ्या गोष्टीत हाच भाग थोर वाटतो, लाकडी पट्ट्या आणि चामड्याच्या सीटा नव्हेत.

मागच्या चाकांकडे शक्ती नेणारा प्रोपेलर शाफ्ट सांध्याशी कोनात वळला की थरथरतो. सीटखाली रबर वाढवून ती थरथर कमी भासवता आली असती. त्याऐवजी इंजिनपासून डिफरन्शियलपर्यंतची ओळ शक्य तितकी सरळ केली गेली. इंजिनाचं तसंच. चार लिटरच्या त्या व्ही-८च्या भागांचा टॉलरन्स, म्हणजे मापातला चालवून घेतला जाणारा फरक, निम्म्यावर आणा, असं सुझुकी म्हणाले, तेव्हा कारखान्याचं उत्तर आलं की आमची यंत्रंच एवढी अचूक नाहीत. बरं, मग एकच इंजिन तसं बनवून द्या, एवढंच त्यांनी मागितलं. ते इतकं गुळगुळीत चाललं की ‘होईल का?’ हा प्रश्नच मागे पडला. उरला तो ‘रोज कसं करायचं?’ एवढाच. वाद घालण्याची ही रीत आपल्याकडच्या बैठकांतही यायला हरकत नाही.

पुढे तुम्हा प्रोटोटाइपना जर्मनीच्या ऑटोबानवर आणि अमेरिकेच्या रस्त्यांवर पिटाळलं. गंमत अशी, की गाडी शांत झाली की तक्रारी वाढतात. इंजिन गप्प बसलं की वारा ऐकू येतो, वारा आवरला की टायर. एरवी कुणाच्या कानीही न पडणारा आवाज अचानक दोष ठरतो.

एलएस ४००ची ती प्रसिद्ध जाहिरात आठवते? बॉनेटवर शॅम्पेनच्या ग्लासांचा मनोरा आणि चाकं ताशी २३० किलोमीटरहून जास्त वेगाने फिरताहेत. गाडी मात्र रोलर्सवर जागच्या जागी उभी होती! तुला ते सुख कुठलं?

आणि एवढं सगळं करूनही तोवर विकलेल्या सुमारे आठ हजार गाड्या डिसेंबर १९८९मध्ये परत बोलवाव्या लागल्या. कारण दोन मालकांच्या तक्रारी: एकीच्या मुळाशी सदोष वायरिंग, दुसरीत जादा तापलेला ब्रेकदिवा. ताशी २५०ची गाडी एका दिव्यापाशी अडली. वीस दिवसांत माणसं पाठवून गाड्या घरून नेल्या, दुरुस्त केल्या, परत पोचवल्या. तुझ्यावर टीका नाही करत, पण खरं सांग: पुढचं सगळं कान देऊन ऐकणाऱ्यांपैकी कुणी मागे जाऊन त्या दिव्याला हात लावून पाहिला होता का?

तुझा,
एक वाहनवेडा